डाव्या सीटवरचा माणूस

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

सकाळी साडेपाचला उठलो. आंघोळ केली. साडेसातला रामकुंडावर पोचलो. यशोधनचा दहावा. विधी मीच केले. पिंड सव्वानऊला ठेवला, कावळा अकरा वाजून दहा मिनिटांनी शिवला. एक वाजता घरी. दुपारी झोप नाही.

एवढंच लिहून वही मिटणार होतो. कारखान्यात सत्तावीस वर्षं शिफ्टची नोंद अशीच केली. ही डायरी यशोधनने जानेवारीत आणून दिली होती, त्याच्या ऑफिसात फुकट मिळालेली. "बाबा, बोलत नाही तर नाही, निदान लिहा," म्हणाला होता. दहा महिने कोरी पडून होती.

पण त्या दोन तासांचं लिहायला हवं, कारण त्यात मी एक मूर्खपणा केला आहे.

रामकुंडावरचे कावळे पोट भरलेले असतात. पहाटेपासून त्यांच्यापुढे पानं मांडलेली. ते कठड्यावर बसून, बाबू पेन्शनच्या कागदाकडे बघतो तसे खाली बघतात. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्याची. बोला." माझे मेहुणे पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "आईवडिलांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळा हलला नाही. मला नवल वाटलं नाही. मेहुण्यांना मीही ओळखतो. माझी बायको गोदावरी म्हणाली, "तुझी गाडी आम्ही विकणार नाही रे." तरी नाही. एकोणतीस वर्षांचा मुलगा, लक्ष्मीपूजनाला ताप आला आणि पाचव्या दिवशी गेला, त्याची कुठली इच्छा म्हणून शोधायची?

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशी गोदावरी रडायला लागली. दर्भाचा कावळा म्हणजे इच्छा राहिलीच, असं ती धरून चालते. तेव्हा अमोल वाकून माझ्या कानात बोलला. अमोल निफाडचा, यशोधनबरोबर विम्याच्या सर्व्हेचं काम करायचा. ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान लिहायचं, हे दोघांचं काम.

"काका, त्याची ती गेमची आयडिया. कंपनीला पाठवायची म्हणत होता लय दिवस. ते बोला."

मी बोललो. गुडघे दुखत होते, ऊन डोक्यावर आलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. "यशोधन, तुझी ती कल्पना कंपनीपर्यंत नेईन. वर्षाच्या आत त्या गेममध्ये घालायला लावीन." वर्षाच्या आत कशाला म्हणालो कुणास ठाऊक. तारीख घातल्याशिवाय कुठलंही काम लिहायचं नाही, ही सवय.

वाक्य संपतंय तोच कावळा उतरला.

योगायोग. आमच्या पिंडावर दही जास्त होतं.


१७ नोव्हेंबर, रविवार

तेरावा झाला. माणसं गेली. शेवटचा माणूस जिन्यात असतानाच गोदावरीने विचारलं, "कंपनीला कधी लिहिताय?"

मी म्हणालो, "आधी बघू तरी काय आहे ते."

"बघायचं काय त्यात? तुम्ही शब्द दिलाय. तो शिवलाय."

शब्द मी दिला, शिवला कावळा, आणि अडकून पडला यशोधन, असं तिचं गणित आहे. वर्षश्राद्धाच्या आत झालं नाही तर तो मध्येच कुठेतरी राहणार. तिने त्याच्या खोलीतली चादरसुद्धा बदलू दिलेली नाही. जेवते दोन घास. डॉक्टर म्हणाले, वजन उतरतंय. मी वाद घातला नाही. वाद मला जमत नाही.


२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान केलं. आज अमोल येऊन यशोधनचा कॉम्प्युटर उघडून देऊन गेला.

गेमचं नाव 'घाटमार्ग'. ट्रक चालवायचा. माल भरायचा, घाट चढायचा, उतरायचा, माल टाकायचा. एवढंच. दिवसभर खऱ्या ट्रकांच्या मागे फिरलेला माझा मुलगा घरी येऊन खोटा ट्रक चालवत होता. आणि हे बनवणारी कंपनी इथलीच, गंगापूर रोडला. मला वाटलं होतं परदेशात असेल. नाशिकमध्ये बसून लोक असले उद्योग करतात.

कल्पना एका पानाची आहे. उतरवून ठेवतो.

"ट्रकमध्ये डाव्या सीटवर एक माणूस असावा. वयस्क. त्याला काही काम नाही. तो रस्ता सांगत नाही, गुण देत नाही, गोष्ट पुढे नेत नाही. उतारावर वळण आलं की उजवा पाय दाबतो, जणू ब्रेक त्याच्याकडे आहे. चुकीच्या रस्त्याला लागलो तर बोलत नाही, एकदा खाकरतो. डबा उघडला की मोठा वाटा ड्रायव्हरकडे सरकवतो आणि आपल्याला भूक नाही म्हणतो. गाडी ठोकली तर ओरडत नाही. खाली उतरतो, आपल्या बाजूचा आरसा रुमालाने पुसतो, रुमालाची चौपदरी घडी करतो आणि परत येऊन बसतो. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की ह्याचा उपयोग काय. मग कधीतरी तो सीटवर नसेल तर गाडी चालवताना करमू नये. त्याला काढून टाकायचं बटण नसावं."

दोनदा वाचलं. मी तपासणी विभागात काम केलेला माणूस. हा भाग माझ्यापुढे आला असता तर परत पाठवला असता. ज्या वस्तूचा उपयोग नाही असं बनवणाराच लिहून देतो, ती बनवायची कशाला? असा माणूस यशोधनला कुठे दिसला कळत नाही. सर्व्हेला जाताना एखाद्या ढाब्यावर भेटला असेल. रिटायर झाल्यापासून दोन वर्षं मी त्याच्याबरोबर वणी, पेठ, सुरगाणा सगळीकडे जात होतो. माझ्या तरी बघण्यात असा कुणी आला नाही.


२५ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीला मेल केला. 'विषय: कल्पना पाठवण्याबाबत.' तीन मिनिटांत उत्तर.

"आमच्या खेळावरच्या तुमच्या प्रेमाबद्दल आभार! आम्ही बाहेरून आलेल्या कल्पना स्वीकारत नाही. तुमचा मेल न वाचता पुसून टाकण्यात आला आहे."

माझं त्यांच्या खेळावर प्रेम नाही, हे त्यांना कुणी सांगितलं? आणि न वाचता त्यात कल्पना आहे हे कसं कळलं? विषय वाचून, म्हणजे थोडं वाचलंच. आपलं नियमपत्रकही ज्यांना नीट लिहिता येत नाही त्यांनी ट्रक बनवलेत.

नियम मात्र बरोबर आहे. ज्याला जे येतं त्याने ते करावं. हलवायाला गिऱ्हाइकाने जिलबी शिकवू नये.

गोदावरीला सांगितलं, "नाही म्हणाले." ती म्हणाली, "मेलवर काय कुणीही नाही म्हणतं."


३ डिसेंबर, मंगळवार

अमोल पेठला एक टेम्पो बघायला निघाला होता, मला घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "कंपनी म्हणते आम्ही घेत नाय, पण घेती बरं का. ह्या सावळघाटाचंच बघा. गेममधी पहिले न्यूट्रलवर उतरवला तरी ब्रेक तापत नव्हते. यशाने त्यांच्या पानावर लिहिलं, असं केलं तर खरा ट्रक तिसऱ्या वळणाला दरीत जाईल. दोन महिन्यांनी आपोआप दुरुस्त."

"नाव लिहिलं त्याचं?"

"नाव कोण लिहितंय."

मग त्याने एका जागी थांबून मला फोनवर ते पान दाखवलं. खेळणाऱ्यांच्या सूचना, हजारोंनी. ट्रकला पंख द्या. ट्रकच्या मागे डीजे लावा. ड्रायव्हरला मिसळ खाऊ घाला, तर्री वेगळी. एकाने लिहिलं आहे, माझ्या मैत्रिणीच्या नावाचं गाव टाका. एकाने सत्तर सूचना एकाखाली एक लिहून शेवटी, 'एवढं करा, नाहीतर खेळणं बंद.' कर बंद. आई सुखी होईल. ही माणसं स्वतःला चाहते म्हणवतात. पंगतीत बसून दुसऱ्याच्या पानातलं बघणारे लोक. ह्यांचं ऐकून कंपनी चालवली तर सहा महिन्यांत कुलूप लागेल.

आणि ह्याच रांगेत माझा मुलगा.

उतरताना अमोलने गाडी जरा जोरात घेतली. म्हणाला, "काका, ब्रेक माझ्याकडं हाय. तुम्ही पाय सोडा."

मी म्हणालो, "वळण आंधळं आहे."

तो हसला. "यशा म्हणायचा ते खरंय."

"काय म्हणायचा?"

"काय नाय. बसा निवांत."

ह्या पोरांना अर्धं बोलायची खोड असते. डबा मी नेला होता. त्याला पोळ्या दिल्या. मला भूक नव्हती.


१२ डिसेंबर, गुरुवार

मी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पाकीट परत आलं. न उघडता. त्यावर जांभळा शिक्का: 'बाहेरील कल्पना. स्वीकृत नाही.' म्हणजे शिक्का करून घेतला आहे. एवढी पाकिटं येतात.

असा एक शिक्का माझ्याकडेही होता.

अंबडच्या कारखान्यात आमच्याकडे सूचनापेटी होती. लाकडी, हिरवा रंग, किल्ली माझ्याकडे. दर शनिवारी उघडायची. नव्वद टक्के चिठ्ठ्या चहा पातळ आहे अशा. प्रेसवर समाधान नावाचा एक होता, वणीचा, दहावी नापास. त्याने चिठ्ठी टाकली की ट्रॉलीचा खटका उजवीकडून डावीकडे घ्या, माणसाला वाकावं लागणार नाही. चित्र काढलं होतं. पण पेन्सिलने. नियम होता, सूचना शाईने लिहिलेली असावी. मी शिक्का मारला, 'अपात्र'. वाचली होती, चांगली होती, तरी मारला. नियम करायचा आणि आपणच मोडायचा हे मला पटत नाही.

पुढच्या वर्षी आमचे एक इंजिनिअर बाहेरदेशी जाऊन आले आणि खटका डावीकडे आला. त्यांचा सत्कार झाला. नारळ, शाल. समाधान माझ्या टेबलापाशी आला, सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, आता पेन आणू का?" लोक हसले. मी खाली मान घालून नोंदवही लिहीत राहिलो. त्यानंतर त्याने पेटीत एकही चिठ्ठी टाकली नाही. सहा महिन्यांनी पेटी काढून टाका असा शेरा मीच लिहिला. कारण लिहिलं: प्रतिसाद नाही.

ही गोष्ट घरी कधी सांगितली नव्हती. एकदा फक्त यशोधनला, पेठ रोडला. त्याने गाडी थांबवून चहा आणला.


१९ डिसेंबर, गुरुवार

गोदावरी काल स्वयंपाकघरात चक्कर येऊन बसली. म्हणून आज स्वतः गंगापूर रोडला गेलो.

दुसरा मजला. खाली चष्म्याचं दुकान. वर पंचवीसेक पोरं कानाला यंत्रं लावून बसलेली. एक जण भर कामाच्या वेळी ट्रक ठोकत होता आणि त्याला त्याचा पगार मिळतो. भिंतीवर रंगीत उशा टांगल्या आहेत. उशा भिंतीवर का, विचारलं नाही.

मृण्मयी नावाची मुलगी भेटायला आली. खेळणाऱ्यांशी बोलायचं काम तिच्याकडे. तिशीची, कपाळावर आठी. मी म्हणालो, "माझ्या मुलाची एक कल्पना होती. त्यात डाव्या..."

तिने खरोखर कानांवर हात ठेवले. "काका, प्लीज, सांगू नका! ऐकलं की मी अडकले."

माझ्या आयुष्यात मी इतका कमी बोललेला माणूस, आणि मला कुणी थांबवलं ते हे पहिल्यांदा.

मग तिने पाणी दिलं आणि समजावलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गेममध्ये नदीला पूर आणला. एक जण उठला, म्हणाला, पुराची कल्पना माझी, मी मेल केला होता. मेल खरंच होता. कुणी वाचला होता की नव्हता, कुणालाच सिद्ध करता येईना. वकील, नोटिसा. ज्या मुलाने सहा महिने खपून पूर केला होता तो कंटाळून सोडून गेला.

"पूर काय त्याच्या बापाचा?" ती म्हणाली. "गोदेला दरवर्षी येतो."

"मग त्या घाटातल्या ब्रेकचं?" मी विचारलं. "ते तुम्ही घेतलंत."

"ती चूक होती, काका. चूक दाखवली तर आम्ही दुरुस्त करतो. कल्पना वेगळी."

"चूक फुकट घेता आणि कल्पनेला घाबरता."

"असं म्हणा हवं तर. तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?"

खरं उत्तर द्यायचं तर शिक्का मारला असता. मी ते बोललो नाही. म्हणालो, "मुलगा गेला माझा. दहाव्याला पिंडापुढे शब्द दिला आहे."

तिची आठी गेली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "कावळा शिवला?"

"लगेच."

तिने डोळे मिटले. तिचे आजोबा रामकुंडावर विधी सांगायचे, असं कळलं. एवढ्या यंत्रांच्या मध्ये बसलेली, वकील-नोटिसा बघितलेली मुलगी कावळ्यापुढे नरमली. मला तिचा रागही आला आणि बरंही वाटलं. म्हणाली, "पूर्वी एकदा स्पर्धा घेतली होती, तेव्हाचा एक फॉर्म आहे. मी साहेबांना विचारते. महिनाभर द्या."

जाताना म्हणाली, "आणि काका, कुणालाही सांगू नका काय आहे ते."

सांगण्यासारखं त्यात आहे काय?


१४ जानेवारी २०२५, मंगळवार

डायरी संपली. मागची कोरी पानं वापरतो, तारखा हाताने लिहितो. नवीन आणायची इच्छा नाही.

संक्रांत. आमच्याकडे ह्या वर्षी सण नाही. शेजारी पतंगांचा आरडाओरडा. अमोलने द्राक्षांची पेटी आणून दिली, त्यांच्या बागेतली पहिली तोड. "काकू, दोन मणी तरी खा," म्हणाला. गोदावरीने एक खाल्ला. पेटी फ्रिजमध्ये तशीच आहे.

कंपनीकडून काही नाही. माझी खात्री आहे की त्या मुलीला साहेबाने वेड्यात काढलं असणार.


२७ जानेवारी, सोमवार

वेड्यात काढलं नाही. फॉर्म आला. चार पानं, मराठीत करून घेतलेला. भाषा अशी की तपासणी विभागात असतो तर लाल शाई संपली असती.

मजकूर थोडक्यात: कल्पना कायमची कंपनीची. ती वापरावी की फेकावी, कंपनी ठरवणार. हवे ते बदल करणार. देणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही. देणाऱ्याने पुढे ती कुठेही सांगायची नाही, छापायची नाही. आणि खाली सही, मूळ लेखकाची. मूळ लेखक नाही म्हटल्यावर वारसाची.

मी पेन काढलं. फोनवर मृण्मयी घाईने म्हणाली, "काका, तुमची चालणार नाही. वकील म्हणाले, अविवाहित मुलाची पहिली वारस आई. वडील त्यानंतर."

म्हणजे खांद्यावर मडकं मी घेतलं, पिंड मी ठेवला, शब्द मी दिला, आणि कागदावर मी मागच्या रांगेत. कायदा करणाऱ्याला कधी मूल नसावं. ठीक आहे. तरी चार वर्षांत झालं नसतं ते अडीच महिन्यांत झालं. एक सही राहिली होती.

दुपारी चहानंतर गोदावरीपुढे फॉर्म ठेवला. तीच ह्या सगळ्यासाठी जीव टाकत होती. मला वाटलं, कागद खाली ठेवायच्या आत सही करेल. ती म्हणाली, "वाचल्याशिवाय कशी करू? दाखवा ना काय लिहिलंय त्याने."

तेव्हा लक्षात आलं की तिने ते पान वाचलंच नव्हतं. इतके दिवस न वाचता हट्ट धरून होती. कंपनीसारखीच.

चष्मा लावून ती वाचायला लागली. मी समोर बसलो. तिसऱ्या-चौथ्या ओळीला ती हसली. बारीक नाही, चांगली मोठ्याने. नोव्हेंबरपासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मग माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे, परत माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसतच राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

"काय झालं?" मी म्हणालो. "एवढं हसण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही वाचलंत हे?"

"दोनदा."

"मग?"

"मग काय? निरुपयोगी आहे. पण शब्द दिलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. असं बघणं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असायचं, तेव्हाही मला त्याचा अर्थ लागत नसे. मग तिने फॉर्मची पानं उलटली. कलमं माझ्याहून सावकाश वाचली. 'हवे ते बदल' ह्या ठिकाणी थांबली.

"म्हणजे उद्या हे ह्याला बोलका करतील?"

"करतील. त्यांचा हक्क."

"बटण दाबून बाहेर काढतील?"

"तेही."

"आणि मी कुणाला सांगायचं नाही, माझ्या मुलाने काय लिहून ठेवलंय ते?"

"असं कलम आहे."

तिने फॉर्म उचलून माझ्या हातात दिला. कोरा. "मी सही करणार नाही."

मी चिडलो. मी सहसा चिडत नाही. म्हणालो, "अगं, अडीच महिने तूच मागे लागलीस! शब्दाचं काय? कावळ्याचं काय?"

"कावळ्याचं मी बघून घेईन," ती म्हणाली. "त्याची काही इच्छा-बिच्छा अडकलेली नाही. हे पान माझ्याकडे राहू दे."

यशोधनचं पान घडी करून तिने कपाटात आपल्या साड्यांखाली ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि द्राक्षं धुवायला घेतली.

बायकांपुढे कंपन्या परवडल्या. निदान नकाराचं कारण छापून देतात.


३० जानेवारी, गुरुवार

फॉर्म परत द्यायला गेलो. पोस्टाने पाठवता आला असता, पण त्या मुलीने माझ्यासाठी साहेबाकडे शब्द टाकला होता.

तिने कोरा फॉर्म बघितला. "सही नाही?"

"वारसांचा नकार."

ती हसली. म्हणाली, "काका, वाईट नका मानू, मला सुटल्यासारखं वाटलं. पण आता कंपनी मध्ये नाही. नुसतं मला सांगाल, काय होतं ते? महिनाभर डोक्यात आहे."

मी म्हणालो, "नाही. आम्ही बाहेरच्यांना देत नाही."

"असं कधीपासून?"

"सोमवारपासून. आमचा नियम आहे."

तिला ते लागलं की आवडलं, कळलं नाही. दारापर्यंत सोडायला आली. जिन्यात म्हणाली, "तुमचा मुलगा तुमच्यावर गेला होता का?"

म्हटलं, "नाही. तो बोलायचा."


२ फेब्रुवारी, रविवार

गोदावरी सकाळी तिच्या बहिणीकडे गेली. एकटी, रिक्षाने, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. निघण्याआधी खिडकीत भाताचा मुटका ठेवून कावळ्याला काहीतरी बजावत होती. शब्द ऐकू आले नाहीत. आवाज दुधवाल्याशी बोलते तसा होता. यशोधनच्या पलंगावरची चादर तिने काल बदलली.

मी शब्द मोडला आहे हे लिहून ठेवतो. वर्ष संपायला नऊ महिने आहेत, पण आता काही होणार नाही. मला त्याची बोच वाटायला हवी तेवढी वाटत नाही. का, ते कळत नाही. ज्या माणसासाठी एवढा खटाटोप झाला तो कोण, हेसुद्धा मला अजून कुणी सांगितलं नाही, आणि आता विचारावंसं वाटत नाही.

अमोल म्हणाला होता, आठवड्यातून एकदा गाडी चालू करत जा, नाहीतर बॅटरी जाईल. मला गाडी चालवता येत नाही. किल्ली घेऊन खाली गेलो. स्टिअरिंगची बाजू उघडली, थोडा वेळ उभा राहिलो, परत लावली. पलीकडून जाऊन माझ्या जागेवर बसलो. गिअर हलवून बघितला, हात लांब करून किल्ली फिरवली. तिसऱ्यांदा लागली. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. समोर पार्किंगची भिंत होती, उजव्या पायाला रग लागली तेव्हा तो दाबून धरला आहे हे लक्षात आलं.

बंद करून उतरलो. माझ्या बाजूच्या आरशावर धूळ होती. रुमालाने पुसली, रुमालाची घडी केली, एकदा, दोनदा, आणि खिशात ठेवली.